त्रिकोण तोच, संघ वेगळा

बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती आला, की २४ सेकंदांत बास्केटकडे टाकावा लागतो. तेवढ्यात पाच जणांनी कुठं उभं राहायचं, पास कुणाला द्यायचा, याची आखणी म्हणजे आक्रमणाची पद्धत. मला विचाराल, तर व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षकानं ती निवडताना फळ्यावरची आकृती नंतर बघावी, हाताशी असलेले खेळाडू आधी.

अमेरिकेतला शिकागो बुल्स संघ घ्या. १९८९ मध्ये मुख्य प्रशिक्षक झालेल्या फिल जॅक्सन यांनी सहायक टेक्स विंटर यांची त्रिकोणी पद्धत स्वीकारली. एक खेळाडू बास्केटजवळ, एक कोपऱ्यात, एक कडेला. उरलेले दोघं पलीकडच्या बाजूला. पाठ केलेली चाल फारशी नाही. बचाव करणारा जिकडं सरकेल, त्यावरून पुढचा पास ठरतो. मायकेल जॉर्डनसारख्याला चेंडू सोडायला लावणं सोपं नव्हतं, बरं का! पण तो ते शिकला आणि १९९१ ते १९९८ या काळात बुल्सनं सहा विजेतेपदं मिळवली.

२०१४ मध्ये जॅक्सन न्यूयॉर्क निक्सचे अध्यक्ष झाले. त्रिकोण तोच, जॉर्डन मात्र नव्हता. त्यात दुरून तीन गुण मिळवण्याचा जमाना आलेला. पहिल्या पूर्ण मोसमात संघ ८२ पैकी ६५ सामने हरला.

याच्या अगदी उलट माइक डँटोनींची पद्धत : बचाव सावरण्याआधीच धावत जाऊन चेंडू टाकायचा. २००४ मध्ये स्टीव्ह नॅश आला आणि फिनिक्स सन्सचे विजय २९ वरून ६२ वर गेले. २००८ मध्ये डँटोनीही निक्सकडे आले. नॅश फिनिक्समध्येच राहिला. त्या मोसमात निक्सनं ५० सामने गमावले.