वंशावळीत बाई कुठे शोधायची?

मंडळी, घराण्याच्या नोंदी लावताना आपण पहिल्यांदा अडतो ते नावांपाशी. आजोबांचं नाव नातवाला, म्हणजे एकाच वंशावळीत दोन-तीन गणेश विष्णू. बायकांचं तर लग्नात नावच बदलायचं; माहेरच्या कागदांतली गोदा सासरी लक्ष्मी होते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा: आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की घराण्याचं पान निघतं. आपण त्यापुढे जाऊन प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक देऊ. खरेदीखत, पत्र, फोटो, सगळ्यांवर तोच. बाईचा क्रमांक लग्नानंतरही बदलायचा नाही. माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही वंशावळींत तोच लिहायचा. नाहीतर पणजी कुणाची लेक होती, हे पुढच्या पिढीला कळायला मार्गच उरत नाही.