घरच्या दप्तराची तीस वर्षे

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसामान्य नागरिकांस खुली केली. तेव्हापासून आजवरच्या तीस वर्षांत आमच्यासारख्या संगणकाचा छंद असलेल्या माणसांच्या घरांतून पत्रे, लेखांचे मसुदे, गाणी, छायाचित्रे आणि घरखर्चाच्या किर्दी अशा स्वरूपाचे जे दप्तर साचत गेले, त्यातले काय उरले आणि काय नष्ट झाले, याचा एकदा मागोवा घ्यावा असे पुष्कळ काळ मनात होते. यंत्रे कोणती आली, त्यांचा वेग किती वाढला, याचे वर्णन इतरांनी विपुल केले आहे. माझ्या मते या छंदाचे मोल यंत्रात नसून त्यातून शिल्लक राहिलेल्या ऐवजात आहे, आणि तो ऐवज टिकण्यास त्याचा ताबा आपल्याकडे असणे जितके अवश्य, तितकेच तो पुढे वाचता येणेही अवश्य आहे. या दोहोंपैकी वाचता येणे हीच अधिक अवघड बाब, असा माझा अनुभव आहे.

मराठी मजकुराचीच गोष्ट घ्यावी. पुण्यात 1988 मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्र तेथे वाढले आणि 1991 मध्ये ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक म्हणून मान्यही झाली. तथापि हौशी माणसाच्या घरी जी देवनागरी प्रत्यक्षात पोचली ती या मानकाच्या मार्गाने आली नाही, तर फॉन्टांच्या मार्गाने आली. रोमन अक्षरांसाठी राखून ठेवलेल्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवावयाचे, कुठे दंड, कुठे अर्धा ककार, कुठे वेलांटी, आणि त्या तुकड्यांची जुळणी करून पडद्यावर मराठी शब्द उमटवावयाचा, अशी ही योजना होती. दिसावयास मजकूर मराठी, परंतु संगणकाच्या लेखी तो निरर्थक रोमन अक्षरांचा समूह. फॉन्ट बनविणाऱ्या प्रत्येकाने तुकड्यांची मांडणी आपापल्या मर्जीबरहुकूम केलेली असल्यामुळे, तो विशिष्ट फॉन्ट यंत्रातून गेला की सगळा मजकूर दुर्बोध होत असे.

युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते हे खरे; पण घरगुती संगणकावर ते सुख नांदू लागले ते विंडोज 2000 आणि तिच्यासोबतच्या मंगल फॉन्टपासून. मराठीला पदोपदी लागणाऱ्या ‘अॅ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळावयास तर 2008 साल उजाडावे लागले. त्यानंतर माझ्यासारख्या अनेकांचा एकच उद्योग होऊन बसला, तो म्हणजे जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा. बाहेरून पाहणाऱ्यास हे केवळ कारकुनी काम वाटेल. वस्तुतः त्यात लिपीच्या रचनेचा जो अभ्यास घडतो तो अन्य कशाने घडत नाही. ‘कार्तिक’ हा शब्द जुन्या फॉन्टात डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठविलेला असतो: आधी ‘का’, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ‘त’, त्यानंतर रफार आणि शेवटी ‘क’. युनिकोडला मात्र उच्चाराचा क्रम हवा असतो, म्हणून रफार उचलून तकाराच्या मागे न्यावा लागतो आणि वेलांटी त्याच्या पुढे आणावी लागते. असे नियम लिहून, तपासून आणि पुन्हा दुरुस्त करून अनेकांनी आपली कोष्टके एकमेकांस विनामूल्य दिली. या परिश्रमांमुळे मराठीतले किती लेखन वाचले असेल याची गणती होणे नाही, परंतु त्या अनामिक मंडळींविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

मजकूर शाबूत असून वाचता न येण्याचा हा प्रसंग मराठी समाजाला नवा नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे तपासत होते आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तेच कार्य संस्थारूपाने चालविले. कागदाचे वैरी वाळवी आणि ओल, हे तर खरेच. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी लुप्त झाली, तेव्हा जे रुमाल सुखरूप राहिले होते तेही त्यांच्या वारसांना मुके झाले. कागद शाबूत, शाई शाबूत, घरचाच पूर्वज लिहिणारा, आणि तरी वाचणारा कोणी नाही! मोडीला 2014 मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत जागा मिळाली तेव्हा मला जो आनंद झाला तो नवे यंत्र घरी आल्याच्या आनंदाहून कितीतरी मोठा होता.

ध्वनीच्या बाबतीत मात्र दैव अधिक अनुकूल ठरले. आमच्या घरी कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेल्या आत्याच्या ओव्या होत्या. कॅसेट संगणकात उतरवून घ्यावयाची तर ती वाजते तितका वेळ शेजारी बसावेच लागते. साठ मिनिटांची फीत साठ मिनिटेच मागते. ही सक्ती मला कधी जाचक वाटली नाही. एरवी जे कधी ऐकले नसते ते त्या निमित्ताने सावकाश ऐकले गेले: दोन ओव्यांमधला आत्याचा श्वास, मागे कोणी तरी हाक मारलेली, पाऊस पत्र्यावर पडतो आहे तो. खरखर काढून टाकण्याची साधने हाती होती आणि ‘ऑडॅसिटी’ तर 2000 सालापासून फुकट उपलब्ध आहे. परंतु मूळ प्रतीतली खरखर मी कधी काढली नाही, कारण तिच्यासोबत पाऊसही गेला असता. साठवण्यासाठी ‘एमपी3’ न घेता ‘फ्लॅक’ घ्यावे हेही माझे आग्रहाचे मत आहे. एमपी3 कानाला सहसा न जाणवणारा अंश टाकून देते आणि एकदा टाकलेले परत आणता येत नाही. ऐकण्यापुरती एमपी3 प्रत अवश्य करावी, पण दप्तरी फ्लॅकच असावे.

या विषयात आदर्श म्हणून सांगावे असे काम पुण्यातच झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल यांनी त्यांची संगणकीय सूची रचली, आणि 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने तो संग्रह क्रमशः सर्वांपुढे ठेवला. प्रत्येक ओवीस गाणारीचे नाव आणि गाव जोडलेले आहे. घरगुती संग्राहकाने यातून एवढे तरी उचलावे, की कोण, कोठे आणि कधी या तीन नोंदींवाचून एकही फाईल दप्तरात दाखल करू नये.

छायाचित्रांविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. कॅमेरा तारीख-वेळ आपणहून नोंदवितो, ही मोठी सोय. मात्र संदेशातून पाठविलेले चित्र लहान होते आणि त्या नोंदीही बहुधा गळून पडतात, म्हणून नातलगांकडून मूळ फाईलच मागून घ्यावी.

ताब्याचा प्रश्न या तीस वर्षांत वारंवार उभा राहिला. जिओसिटीज 2009 मध्ये बंद झाली, ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी. लक्षावधी लोकांनी तेथे जे लिहिले होते त्याचा काही भाग स्वयंसेवकांनी उतरवून घेतला, बाकीचे गेले. फुकट मिळालेल्या जागेवर कुळाचा हक्क लागत नाही. म्हणून तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांमध्ये रूढ असलेला नियम मी कसोशीने पाळतो; आणि घरखर्चाची किर्द, 2016 मध्ये यूपीआय आल्यापासून जिच्यातल्या नोंदी कितीतरी वाढल्या, तीसुद्धा साध्या मजकुराच्या फाईलीत ठेवतो, कारण साधा मजकूर उघडण्यास कोणाचा परवाना लागत नाही.

आता उरला आहे तो वारसनोंदीचा विषय. शेतजमिनीची नोंद सातबाऱ्यावर होते आणि बँकेत नामनिर्देशन असते, तसे या दप्तराचे अद्याप सर्वत्र झालेले नाही. खाते दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास त्यातला ऐवज कोणाच्या स्वाधीन करावा हे आधी सांगून ठेवण्याची सोय गूगलने 2013 पासून दिली आहे, आणि ती प्रत्येकाने वापरावी असे मी आग्रहाने सांगतो. मी स्वतः एक कागद लिहून मिळकतीच्या कागदांसोबत ठेवला आहे: कोणत्या तबकडीवर काय आहे, प्रती कोठे आहेत, किल्ल्या कोणाकडे आहेत, आणि आत्याच्या ओव्यांपैकी कोणत्या कॅसेटी अजून उतरवावयाच्या राहिल्या आहेत. भाचीने तो वाचून दोन ठिकाणी खुलासा मागितला, तेव्हा ती कलमे पुन्हा लिहिली. आणि उरलेल्या कॅसेटी येत्या सुटीत ती स्वतः उतरवून घेणार आहे.