फुटत्या ताऱ्याचा आकार आणि आमची पोरे

देवणीचे नाव निघाले की परमुलखातल्या माणसाला बैल आठवतो. वानेरा, बालंक्या, शेवरा. बाजारात उभा माणूस नुसत्या ठिपक्यांवरून ओळखतो. पण जी वस्तू मोठ्या दुर्बिणीतूनही एकच ठिपका दिसते, तिचा आकार कसा ओळखावा? दूरच्या दीर्घिकेत फुटणाऱ्या ताऱ्याचे असेच आहे. त्याचा आकार त्याच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण सांगते.

ध्रुवीकरण म्हटले की आमच्या वाचकांना निवडणूक आठवेल! इथले ध्रुवीकरण निराळे. प्रकाशाच्या लाटेचे कंपन साधारणपणे सर्व बाजूंना सारखे असते. एका बाजूचे जास्त झाले की ध्रुवीकरण झाले. पोलरॉइड गॉगल कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी पडदा काळा पडतो. दुर्बिणीचे यंत्र हेच करते, पण मोजून.

तारा फुटल्यावर त्याचा प्रकाश तापलेल्या वायूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आपटून बाहेर येतो आणि ध्रुवित होतो. वायूचा गोळा चेंडूसारखा असेल तर सर्व बाजूंचे ध्रुवीकरण एकमेकांना खोडते, बाकी शून्य. लांबट असेल तर थोडी बाकी उरते, बहुधा शेकडा एकच्या आसपास. त्यातून वाटेतल्या धुळीचा वाटा वजा करावा लागतो. एवढ्याशा बाकीवरून तारा कसा फुटला हे कळते!

एप्रिल 2024 मध्ये 2 कोटी 20 लाख प्रकाशवर्षे दूर एक तारा फुटला. तो दिसल्यापासून 26 तासांच्या आत चिलीतली मोठी दुर्बीण त्याच्यावर रोखली गेली. स्फोट गोल नव्हता, खारकेसारखा लांबट होता, हा निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाला. थोडा उशीर झाला असता तर तो पहिला आकार पुसून गेला असता.

हे काम परदेशातच होते असे नाही. 2012 साली फुटलेल्या एका ताऱ्याचे ध्रुवीकरण नैनितालच्या 104 सेंटिमीटर दुर्बिणीतून मोजले गेले. पुण्याच्या आयुकाने असे ध्रुवणमापक 1990 च्या दशकातच बनवले होते. जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर तिची दोन मीटरची दुर्बीण 2006 पासून आहे.

आयुका 1988 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उभी केली, ती देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे नांदेड विद्यापीठाखाली येणाऱ्या देवणीच्या पोराचाही तिच्यावर पुण्याच्या पोराइतकाच हक्क. याच आयोगाने 2001 साली विद्यापीठांत फलज्योतिषाचे वर्ग काढायचे ठरवले! जयंत नारळीकरांनी त्याला उघड विरोध केला. आम्ही शिकलो त्या शाळेत प्रयोगशाळेचे कपाट फक्त तपासणीच्या दिवशी उघडायचे. भिंग हाती न लागलेल्या पोराला आपला हक्क कळावा कसा?

आर्द्रा नक्षत्र आमच्या शेतकऱ्याला पेरणीसाठी पाठ असते. त्यातला तांबूस तारा म्हणजे काक्षी. तोही एक दिवस फुटणार आहे. उद्या किंवा लाखभर वर्षांनी. फुटला की देवणीच्या माळावरून भरदिवसा उघड्या डोळ्यांनी दिसेल. पंचांगात त्याची तारीख मिळणार नाही. तो गोल फुटला की लांबट, हे त्या रात्री यंत्र लावून बसलेलेच सांगतील, आणि त्यांत देवणीचे कोणी असायला हवे.