पाच वाजून सहा मिनिटं

पायाखालची बातमी : भाग ७

३० जुलै २०२५, बुधवार. आदल्या दिवशी नागपंचमी झालेली. त्या पहाटे पाच वाजून सहा मिनिटांनी नाशिकची जमीन हलली. रामकुंडावर आंघोळीला उतरलेल्यांना कळलं नाही, दूध घालायला निघालेल्यांना कळलं नाही, आणि मी तर झोपेत होतो. पण जागा असतो तरी कळलं नसतं. रशियाच्या पूर्व टोकाला, कामचाटका द्वीपकल्पाजवळच्या समुद्राखाली आपल्या घड्याळाने चार वाजून चोपन्न मिनिटं बावन्न सेकंदांनी खडक फाटायला लागला होता. तिथून नाशिक सुमारे आठ हजार किलोमीटर. पहिली लहर, म्हणजे प्राथमिक लहर, पृथ्वीच्या पोटातून, दीड हजार किलोमीटरहून खोल बुडी मारून, साडेअकरा मिनिटांत आपल्यापर्यंत पोचते. तिच्यामागून साधारण सव्वापाचला दुय्यम लहर, आणि साडेपाचच्या आसपास जमिनीच्या पाठीवरून येणाऱ्या पृष्ठलहरी. त्या सगळ्यांत दांडग्या, पण त्यांचा एक हेलकावा पुरा व्हायला वीस-तीस सेकंद लागतात. शहर एवढ्या संथपणे वरखाली झालं, तर कपातला चहासुद्धा डुचमळत नाही.

सकाळी चहाला मावशीकडे गेलो तेव्हा टीव्हीवर पट्टी धावत होती. आधी ८.०, मग ८.७, मग ८.८.

"अरे, ह्यांना नीट मोजता येत नाही का एकदाच?" मावशी म्हणाली. "लासलगावचा कांद्याचा भाव आहे का हा, सकाळी एक आणि दुपारी एक?"

प्रश्न रास्त आहे. या लेखमालेच्या वाचकांपैकी निदान चौघांनी तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. त्याचं उत्तर द्यायला हा भाग ठेवला आहे. पण आधी थोडी घड्याळाची गोष्ट सांगावी लागेल. भूकंपमापन हे जमिनीचं शास्त्र वाटतं, प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग वेळ लिहून ठेवण्याचा आहे.

दिंडोरी रोडवरची 'मेरी' नाशिककरांना माहीत असते ती बसथांबा म्हणून किंवा लिंक रोडच्या नावात. पूर्ण नाव महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जलसंपदा विभागाची. धरणांची माती, काँक्रीट, पाण्याचे प्रवाह तपासणाऱ्या या संस्थेत भूकंपाची वेधशाळाही आहे. कळवण, पेठ, सुरगाणा, दिंडोरी या बाजूला कुठे भांडी वाजली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक ठरावीक वाक्य येतं : 'केंद्र नाशिक वेधशाळेपासून इतक्या किलोमीटरवर.' अंतर असतं, गावाचं नाव नसतं. पुष्कळांना ही सरकारी टाळाटाळ वाटते. तशी ती नाही.

जुन्या पद्धतीच्या भूकंपमापकात फिरत्या दंडगोलावर कागद गुंडाळलेला असतो आणि त्यावर लेखणी दिवसभर एकसारखी रेघ ओढत असते. दर मिनिटाला रेघेत एक बारीक खाच पडते, ती घड्याळाची. आता समजा, रात्री सव्वादोनला रेघ अचानक थरथरली. ही प्राथमिक लहर. मग पाच सेकंदांनी तीच रेघ एकदम मोठे हेलकावे घेऊ लागली. ही दुय्यम. दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून निघाल्या, पण पहिलीची चाल जास्त. वाट जितकी लांब, तितकी दुसरी मागे पडणार. आपल्याकडच्या खडकात जवळच्या धक्क्यांसाठी ढोबळ हिशेब असा, की मधल्या सेकंदांना आठाने गुणायचं. पाच सेकंद म्हणजे चाळीस किलोमीटर. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजणाऱ्या पोरांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

चाळीस किलोमीटर, पण कुठल्या दिशेला? मेरीपासून चाळीस किलोमीटरचं वर्तुळ काढा. उत्तरेला ते सप्तशृंगीच्या डोंगराजवळून जातं आणि नैऋत्येला घोटीपाशी येतं. रेघ एकच असेल तर देवीच्या गडाखाली हललं की घोटीच्या बाजाराखाली, हे ती खात्रीने सांगू शकत नाही. (तीन दिशांची हालचाल वेगळी नोंदवणारं यंत्र असेल तर अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच.) दुसऱ्या वेधशाळेचं वर्तुळ पहिल्याला दोन ठिकाणी छेदतं, तिसऱ्याचं त्यातलं एक ठिकाण पक्कं करतं. म्हणून एकट्या वेधशाळेने फक्त अंतर सांगणं हा प्रामाणिकपणा आहे. गावाचं नाव छापून टाकणं सोपं होतं.

उलट प्रकारही होतो. २३ नोव्हेंबर २०२२ ला पहाटे चारच्या सुमारास ३.६ चा धक्का बसला. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने ठिकाण दिलं : 'नाशिकच्या पश्चिमेला ८९ किलोमीटर.' बातम्यांचे मथळे निघाले, 'नाशिकमध्ये भूकंप'. पुण्या-मुंबईहून नातेवाइकांचे फोन सुरू. नकाशा काढून पश्चिमेला ८९ किलोमीटर मोजलं तर आपण घाट उतरून पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या बाजूला पोचतो. तिथे, धुंदलवाडीच्या पंचक्रोशीत, नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांचं सत्र सुरू झालेलं होतं; लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूत काढलेल्या. धक्का त्यांचा, नाव आपलं. संगणक जवळचं मोठं शहर शोधतो आणि तिथून अंतर मोजतो, एवढीच ती भानगड.

आता घड्याळाचं दुसरं अंग. तीन वर्तुळं जुळायची तर तिन्ही वेधशाळांची घड्याळं जुळायला हवीत. सेकंदाची चूक म्हणजे पाच-सात किलोमीटरची चूक. म्हणून जगभर सगळ्या नोंदी एकाच घड्याळाने ठेवतात, ग्रिनिचच्या. आपल्यापेक्षा ते साडेपाच तास मागे. त्यामुळे कामचाटकाचा भूकंप जगाच्या यादीत २९ जुलैचा आहे. त्या घड्याळात नागपंचमी सरलेलीच नव्हती. शेषाच्या फण्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना ही तारीख सोयीची आहे, त्यांनी ती खुशाल वापरावी. पण याच हिशेबाने कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आंतरराष्ट्रीय यादीत १० डिसेंबरला सापडतो, आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा २९ सप्टेंबरला. दोन्ही पहाटेचे. शाळेच्या प्रकल्पासाठी शोधणाऱ्या मुलांना हमखास वाटतं की कुठेतरी चूक आहे.

लांबचा भूकंप इथे बसून टिपता येतो, हे माणसाला कळून अजून दीडशे वर्षंही झालेली नाहीत. १८८९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत पॉट्सडॅमला एका नाजूक लंबकाने विचित्र हेलकावे नोंदवले, आणि ते त्याच सुमारास जपानात झालेल्या भूकंपाचे निघाले. मग जॉन मिल्न या इंग्रज संशोधकाने जगभर आपली यंत्रं बसवण्याचा सपाटा लावला. त्यातलं एक १८९८-९९ च्या सुमारास मुंबईत कुलाब्याला आलं. भारतात ही घाई व्हायला कारण होतं. १२ जून १८९७ ला आसामात, शिलाँगच्या पठाराखाली, प्रचंड भूकंप झाला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या त्याच्या रेघा वाचून दाखवलं की लहरी तीन टोळ्यांनी येतात : प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठलहरी. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. ज्या तीन लहरींच्या वेळा वर दिल्या, त्यांची ओळख पटवणारा भूकंप आपल्या देशातला आहे. हे पाठ्यपुस्तकात ठळक का नसतं, कोण जाणे.

मावशीच्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी विसर्जनाच्या दिवशी रविवार कारंज्यावर उभं राहू.

वाकडी बारवेपासून मिरवणूक निघालेली आहे. ती दिसायच्या आधी ऐकू येते, आणि आधी ऐकू येतो तो ढोल. ताशाची तडतड चार गल्ल्या ओलांडताना विरून जाते. ढोलाचा घुमारा मात्र भिंती भेदून छातीत येतो. जमिनीचंही असंच आहे. भरभर थरथरणाऱ्या लहरी थोड्या अंतरात खडकात जिरतात. संथ, लांब लहरी जगभर फिरतात. लहान भूकंप हा बहुतेक ताशाच असतो. दिंडोरीतला तीनचा धक्का म्हणून तर कर्कश वाटतो : भांडी खणखणतात, पत्रा वाजतो, दोन सेकंदांत खेळ खलास. कामचाटकासारखा भूकंप म्हणजे शेकडो ढोलांचं पथक.

आता कारंज्यावर उभ्या माणसाला विचारा, 'मिरवणूक केवढी आहे?' पहिलं पथक समोर आलंय. तो फार तर म्हणेल, वाजवतायत जोरात, म्हणजे मोठी असावी. मागे अजून तीन पथकं आहेत की तेरा, हे मिरवणूक पुढे सरकल्याशिवाय कळायचं नाही. मोठा भूकंपही असाच रांगेने येतो. खडक एका ठिकाणी फाटायला सुरुवात होते आणि ती फाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर या चालीने पुढे पळते. ३० जुलैला ती साधारण पाचशे किलोमीटर पळाली. त्याला काही मिनिटं लागली. पहिल्या लहरींच्या पहिल्या काही सेकंदांत या सगळ्याची बातमी कुठून असणार? शिवाय घाईने काढलेला पहिला आकडा बराचसा भरभर थरथरणाऱ्या लहरींवरून, म्हणजे ताशावरून, काढलेला असतो. आणि ताशा एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. फाट शंभर किलोमीटरची असो की पाचशेची, ताशा तेवढाच. फरक दिसतो तो ढोलात, आणि ढोल मोजायचा तर संथ पृष्ठलहरी येईपर्यंत थांबावं लागतं.

म्हणून ८.०, मग ८.७, मग ८.८. आणि हा फरक कांद्याच्या भावातल्या चढउतारासारखा किरकोळ नाही. या मोजणीत एक अंक वाढला की बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ८.० पासून ८.८ म्हणजे जवळजवळ सोळा पट. (जाता जाता : पट्टीवर 'रिश्टर स्केल' लिहितात ती निव्वळ सवय. चार्ल्स रिश्टरची १९३५ ची पट्टी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जवळच्या धक्क्यांसाठी होती. मोठे भूकंप आता फाटलेल्या खडकाचं क्षेत्रफळ, तो किती सरकला आणि किती कणखर होता, यांवरून मोजतात.)

हा उशीर किती महागात पडतो ते २६ डिसेंबर २००४ ला दिसलं. सुमात्राच्या भूकंपाचा पहिला अंदाज ८.० आला. तासाभराने ८.५. नऊचा आकडा पुढे आला तोवर कित्येक तास उलटले होते, आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोचायला लागले होते दोनेक तास. ती फाट तेराशे किलोमीटरची होती. मिरवणूक आठ-दहा मिनिटं चालूच होती. हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये सुरू झालं. कामचाटकाच्या दिवशी आकडा तासाभरातच वर चढला, कारण आता संथ लहरींचं गणित लहरी पोचतील तसतसं, माणसाची वाट न पाहता, होत जातं.

पण ढोल-ताशाच्या या हिशेबाची दुसरी बाजू आपल्या घरची आहे. मोठा भूकंप साऱ्या जगाच्या यंत्रांना ऐकू जातो. लहान धक्का ऐकायला गल्लीतच कुणीतरी हवं. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात किल्लारीच्या परिसरात धक्के बसत होते. लोक सांगत होते, जमिनीतून आवाज येतो. ऑक्टोबरातला एक धक्का चारच्या आसपासचा होता. पण हे धक्के टिपून त्यांची जागा बारकाईने ठरवावी, असं यंत्रांचं जाळं जवळपास नव्हतं. दक्षिणेचं पठार स्थिर, इथे यंत्रांची एवढी गरज नाही, असाच तेव्हाचा समज. ती यंत्रं असती तर वर्षभराने काय होणार ते कळलं असतं, असं मी म्हणणार नाही; तसं भाकीत आजही कुणाला करता येत नाही. पण जमिनीखालची फट कुठे आणि किती खोल आहे, याचा काहीतरी माग लागला असता. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पन्नला, लोक विसर्जन आटोपून झोपलेले असताना, ६.२ चा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने दख्खनच्या पठारावर नवी, अंकीय नोंदी ठेवणारी यंत्रं बसली.

मावशीला हे सगळं सांगितलं. तिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "मग आपल्या मेरीत ती पाच वाजून सहाची रेघ आधी वर गेली असेल की खाली?"

हा प्रश्न तिला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पहिली रेघ वर की खाली, यावरून आठ हजार किलोमीटरवरचा खडक कुठल्या बाजूला सरकला ते काढता येतं. पुढच्या भागात तेच.