डिचोलीचं मडकं: माती, आग आणि आपलं स्वयंपाकघर

चतुर्थीला गोव्याला गेलो की परतीच्या सामानात सोलं, उकडे तांदूळ आणि नारळ यांच्याबरोबर एखादं मातीचं भांडंही येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती मांडलेलीच असतात. घरी आल्यावर मात्र ते शोकेसमध्ये बसतं, नाहीतर पहिल्याच दिवशी गॅसवर तडकतं. मग आपण म्हणतो, "पूर्वीसारखी भांडी राहिली नाहीत." खरं तर ते वापरायचं कसं, हे आपल्याच घरांत सांगायचं राहून गेलं.

डिचोली तालुका कुंभारकामासाठी ओळखला जातो. भातशेतीच्या सखल जागेतली चिकणमाती भिजवतात, खडे काढतात, पायांनी तुडवतात आणि तीत थोडी बारीक वाळू मिसळतात. वाळूमुळे भांडं सुकताना कमी आकसतं आणि आचही सोसतं. याच तालुक्याच्या डोंगरांत लोखंडाच्या खाणी चालल्या. ते लोखंड थोड्या प्रमाणात मातीतही असतं आणि भट्टीत हवा मिळाली की भांड्याला लाल रंग देतं.

चाकावर भांड्याचं तोंड आणि मान घडते. पोट मात्र थापून वाढवतात: आतून गोल दगडाचा आधार, बाहेरून लाकडी थापी. तयार होतो तो आकार भोपळ्यासारखा किंवा नारळासारखा. हा आकार शोभेसाठी नाही. कोपरा नसल्यामुळे आच सगळीकडे सारखी पसरते, तीन दगडांच्या चुलीवर भांडं नीट बसतं आणि करवंटीचा डाव तळापर्यंत फिरतो. पाण्याच्या मडक्याला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाझरलेलं पाणी बाहेरच्या बाजूने वाळतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणूनच पावसाळ्याच्या दमट हवेत पाणी तितकं गार होत नाही.

कुंभाराचा हात फक्त स्वयंपाकघरापुरता नाही. देवळात सुवासिनी नेतात ती दिवजं मातीचीच. आरतीला वाजणारं घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मडकं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढवत. ते आता कायद्याने बंद आहे आणि बकऱ्याचं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पण कातडं कुठलंही असो, मडकं घडवणारा कुंभार नसेल तर घुमट कुठून येणार?

आता वापराचं. नवं कुंडलं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. मग सावलीत सुकवा आणि पहिल्यांदा त्यात मंद आचेवर पातळ पेज उकळा. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो आणि भांडं कमी पाझरतं. गॅसवर खाली जाळी ठेवा आणि आच हळूहळू वाढवा. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका. साबण मातीत मुरतो, म्हणून गरम पाणी आणि काथ्या पुरे. रंगवलेलं किंवा वॉर्निश लावलेलं भांडं रांधायला घेऊ नका.

कुंभाराची अडचण सोपी आहे. पावसात भांडी सुकत नाहीत, म्हणजे वर्षातले काही महिने काम थंडावतं. शेतात भराव पडला की मातीही जाते. अशात गिऱ्हाईक फक्त बागेच्या कुंड्या मागू लागलं, तर कुंडलं थापायला शिकणार कोण?

म्हणून यंदा बाजारात भांडं हातात घेतलं की विकणाऱ्याला विचारा, "हे रांधायचं की ठेवायचं?" रांधायचं असेल तेच घ्या. घरी आल्यावर हुमण त्यातच करा, आणि ते करताना मुलांना जवळ उभं करा.