मूत्रपिंडाचे विकार आणि बालकांची अवटू ग्रंथी

अवटू ग्रंथी, म्हणजेच रूढ भाषेत थायरॉइड, आणि मूत्रपिंड ही इंद्रिये शरीरात परस्परांपासून दूर असली तरी त्यांचा संबंध निकटचा आहे. मूत्रपिंड विकारग्रस्त झालेल्या बालकाच्या रक्तात अवटू-संप्रेरकांचे प्रमाण पुष्कळदा बदललेले आढळते. हा बदल केवळ भास आहे की खरी उणीव, याचा निर्णय करणे हाच चिकित्सेचा पाया होय. बाह्य लक्षणांवरून तो करणे कठीण असते. कारण सूज, फिकटपणा, थकवा व खुंटलेली वाढ ही दोन्ही विकारांत समान आहेत.

रक्तातील जवळजवळ सर्व थायरॉक्सिन प्रथिनांशी बद्ध असते. पेशींवर कार्य करणारा मुक्त अंश शेकडा ०.०३ च्या आसपासच असतो. नेफ्रॉटिक विकारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन व संप्रेरकवाहक ग्लोब्युलिन निसटतात आणि त्यांच्याबरोबर थायरॉक्सिनही मूत्रावाटे जाते. साहजिकच एकूण थायरॉक्सिन कमी भरते. तथापि निरोगी ग्रंथी अधिक स्राव करून ही तूट बहुधा भरून काढते. म्हणून मुक्त थायरॉक्सिन आणि ग्रंथीला चालना देणारे पोष ग्रंथीचे संप्रेरक, म्हणजे टीएसएच, या दोहोंचे मापन आवश्यक ठरते. स्टेरॉइडांच्या उपचाराने प्रथिनांची गळती थांबली की ही मापे सामान्यतः पूर्ववत होतात.

जन्मजात नेफ्रॉटिक विकाराची गोष्ट मात्र वेगळी. फिनलंडमध्ये विशेष आढळणाऱ्या त्याच्या प्रकाराचे मूळ नेफ्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषात आहे. हे जनुक १९९८ साली ओळखले गेले. येथे गळती प्रचंड व अखंड असते आणि अर्भकाची ग्रंथी ती भरून काढू शकत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असल्याने विलंबाची हानी पुढे भरून येत नाही. टीएसएच जन्मतः प्राकृत असून नंतर वाढू शकते; म्हणून एका तपासणीवर निश्चिंत राहू नये. अशा अर्भकांस लेव्होथायरॉक्सिन लवकर सुरू करून टीएसएचच्या मापानुसार मात्रा ठरवितात.

दीर्घकालीन मूत्रपिंडदौर्बल्यात याउलट स्थिती असते. थायरॉक्सिनचे ट्रायआयोडोथायरोनिनमध्ये होणारे रूपांतर मंदावते. परंतु टीएसएच बहुधा प्राकृतच राहते. केवळ एवढ्यावरून संप्रेरक देणे सामान्यतः युक्त मानीत नाहीत. सिस्टिनोसिस या आनुवंशिक विकारात मात्र सिस्टीनचे स्फटिक प्रत्यक्ष ग्रंथीतच साचून तिची हानी करतात. तेथे उपचार अटळ ठरतो.

एक व्यावहारिक सूचना महत्त्वाची आहे. या बालकांना दिली जाणारी लोह, कॅल्शियम व फॉस्फेटबंधक औषधे लेव्होथायरॉक्सिनचे शोषण रोखतात. यास्तव ते रिकाम्या पोटी द्यावे व त्या औषधांपासून सुमारे ४ तासांचे अंतर ठेवावे. मात्रा योग्य असूनही गुण येत नसेल, तर ती वाढविण्यापूर्वी औषधांच्या या वेळा तपासून पाहाव्यात.