कोपऱ्यातली पकड

ऑक्टोबर २०२३. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव मुंबईत सुरू होता. पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी खेळाडूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. तोवर लीगमध्ये एवढी बोली कुणावरच लागली नव्हती. त्याच लिलावात पवन सेहरावतने तो आकडा मागे टाकला, पण पवन चढाईपटू. चढाईपटूवर पैसा ओतणं संघांना नवं नव्हतं. शादलुई गरज पडली तर चढाईही करतो, पण त्याचं खरं घर डावा कोपरा. कोपऱ्यात उभं राहून समोरच्याची वाट पाहणाऱ्या माणसाला अशी रक्कम मिळणं ही कबड्डीतली मोठी गोष्ट होती.

पलटणचा पैसा वाया गेला नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुण्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत हरियाणाने पाटणा पायरेट्सवर ३२-२३ अशी मात केली. संघ बदलला, तरी सलग दोन वर्षं करंडक त्याच्याच हाती आला.

बचावपटूचं काम गुणफलकावरून नीट कळत नाही, कारण गुणांची रचनाच त्याच्या बाजूची नाही. चढाईपटू तीस सेकंदांच्या एका चढाईत दोन-तीन गडी टिपून आणि बोनस घेऊन परत येऊ शकतो. पकडीला मात्र एकच गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर ती ‘अव्वल पकड’ ठरते आणि दोन गुण मिळतात. प्रदीप नरवालने लीगमध्ये चढाईचे १८०० हून अधिक गुण कमावले. पकडींमध्ये पाचशेचा टप्पा सर्वांत आधी गाठणारा फझल अत्राचली हा इराणी डावा कोपरारक्षक. एकाचे अठराशे आणि दुसऱ्याचे पाचशे, पण दोघांनीही आपापल्या कामाचा कळस गाठला आहे.

कोपरारक्षक नेमकं काय करतो, हे एका चढाईत पाहता येतं. चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत येतो. ती मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. कोपरारक्षक गुडघे वाकवून, टाचा किंचित उचलून उभा असतो आणि त्याची नजर चढाईपटूच्या कमरेवर खिळलेली असते. हात आणि डोळे हूल देतात, कंबर सहसा देत नाही. बोनससाठी पाय आत पडला आणि दुसरा हवेत उचलला गेला, की त्या क्षणी कोपरारक्षक पुढे झेपावून घोटा धरतो. धरलेला घोटा मागे आणि वर ओढायचा, म्हणजे चढाईपटूचा तोल मध्यरेषेपासून दूर जातो. झेप किंचित आधी पडली तर चढाईपटू पाय मागे घेतो आणि वाकलेल्या पाठीला हात लावून निघून जातो. उशीर झाला तर हाती काहीच लागत नाही.

घोटा धरून काम संपत नाही. अंगात दम असलेला चढाईपटू एका माणसाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि त्याचं बोट रेषेला टेकलं की धरणाराच बाद. म्हणून शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणी अंगावर यावा लागतो. कोपऱ्याने पाय धरायचा, मध्यरक्षकाने छातीवर धडक देऊन वाट बंद करायची. पलटणच्या विजेत्या संघात शादलुईच्या शेजारी महाराष्ट्राचा संकेत सावंत डावा मध्यरक्षक म्हणून उभा असायचा. लिलावातली बोली एकट्या खेळाडूवर लागते, पण पकड बहुतेक वेळा जोडीची असते. चांगल्या बचावपटूची कारकीर्द त्याच्या शेजाऱ्यावर उभी राहते, आणि संघ बांधताना हेच सर्वांत जास्त विसरलं जातं.

दुसऱ्या खेळाकडे पाहायचं तर अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाची अकरा माणसं वेगळीच असतात. चेंडू आपल्या संघाकडे आला की ती बाहेर बसतात आणि आक्रमणाचे अकरा जण आत येतात. तिथेही बचावपटूचं मोजमाप उशिराच सुरू झालं. पास देणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडणं म्हणजे ‘सॅक’. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगने त्याची वैयक्तिक अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवली आणि ब्रूस स्मिथचा २०० सॅकचा विक्रम अजून अबाधित आहे. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान दोनच बचावपटूंना मिळाला आहे, १९७१ मध्ये अ‍ॅलन पेजला आणि १९८६ मध्ये लॉरेन्स टेलरला. पैसा मात्र आता बचावाकडेही वळला आहे. २०२५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने मायका पार्सन्सशी चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा क्वार्टरबॅक सोडले तर तो लीगमधला सर्वांत महाग खेळाडू ठरला.

आपल्याकडे कबड्डीची कारकीर्द फार काळ नोकरीच्या आधारावर चालली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला. बुवा साळवींनी त्याला संघटना आणि नियमांची शिस्त दिली, त्यांचा जन्मदिवस १५ जुलै महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. पण खेळाडूचं पोट भरायचं ते बँक, रेल्वे, पोलीस किंवा तेल कंपनीच्या खेळाडू कोट्यातून. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि लिलावाचा पैसाही हाती येऊ लागला.

या नव्या काळात महाराष्ट्राच्या बचावपटूंनी आपली जागा कमावली. विशाल माने २०१५ मध्ये विजेत्या यू मुंबात होता आणि २०१७ मध्ये विजेत्या पाटणा पायरेट्समध्ये. मध्यरक्षकाला वेगवेगळ्या संघांत मागणी असते, याचं तो चांगलं उदाहरण. डावा कोपरारक्षक गिरीश एर्नाक सहाव्या हंगामात पुणेरी पलटणचा कर्णधार होता आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. त्या स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकणारा भारत पहिल्यांदाच अंतिम फेरीबाहेर राहिला. इराणच्या त्या संघात फझल होता. कुस्तीची जुनी परंपरा असलेल्या देशाने पकडीच्या जोरावर भारताचा गड सर केला.

बचावपटूला एक गोष्ट चढाईपटूपेक्षा जास्त मिळते, ती म्हणजे वर्षं. चढाईला पायांतला वेग लागतो आणि तो लवकर उतरतो. पकडीला अंदाज लागतो आणि तो अनुभवाने पक्का होतो. तमिळनाडूचा धर्मराज चेरलाथन चाळिशी ओलांडल्यावर, २०१६ मध्ये, विजेत्या पाटणा पायरेट्सचा कर्णधार होता आणि २०१९ मध्येही लीगच्या मैदानावर दिसत होता. अर्थात गुडघा, खांदा आणि बोटं शाबूत राहिली तरच हे शक्य होतं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या गाणगापूरच्या मुलासाठी लीगपर्यंतचा हा रस्ता थोडा वळणाचा आहे. भीमा-अमरजेच्या संगमावरचं हे दत्तक्षेत्र कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात येतं. अक्कलकोट आणि गाणगापूर यांची वारी एकाच फेरीत करणारे भाविक पुष्कळ, पण कबड्डीची निवड राज्य संघटनेमार्फत होते. अक्कलकोटचा मुलगा महाराष्ट्राच्या चाचणीला जातो, गाणगापूरचा कर्नाटकच्या. एकाच पट्ट्यात वाढलेल्या, एकच भाषा बोलणाऱ्या दोन मुलांना दोन वेगळे दरवाजे ठोठावावे लागतात.

लीगला मात्र ही सीमा आड येत नाही. पलटणला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकचे. १९९८ आणि २००२ च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघांत ते खेळले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि प्रशिक्षक म्हणून २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सनाही त्यांनी करंडक मिळवून दिला. कर्नाटकचा प्रशिक्षक, नगर जिल्ह्यातला कर्णधार अस्लम इनामदार, इराणी कोपरारक्षक आणि शेजारी मराठी मध्यरक्षक, असा तो संघ होता.

सीमाभागातल्या गावांत मुलं मातीवर खेळतात आणि व्यावसायिक कबड्डी मॅटवर चालते. मॅटवर पाय घसरत नाही, चढाईपटूचा वेग वाढतो, त्यामुळे झेपेची वेळ नव्याने शिकावी लागते. मातीवर उत्तम घोटा धरणारा मुलगा निवड चाचणीत पहिल्यांदाच मॅटवर उतरला, तर त्याची झेप चुकण्याचीच शक्यता जास्त. अफझलपूर, आळंद, अक्कलकोट, बसवकल्याण या तालुक्यांत एकेक मॅट आणि पकड शिकवणारा एकेक प्रशिक्षक असावा. दोन्ही राज्यांच्या संघटनांनी मिळून वर्षातून एक सीमाभागाची स्पर्धा घ्यावी. चढाईपटू गल्लीतही नजरेत भरतो. कोपऱ्यातल्या मुलाला शोधायला पकडीची जाण असलेला माणूस त्याच्या मैदानापर्यंत जावा लागतो.